हातगुणाची घडण : मावळातील कुटुंबवैद्यकाचे अलिखित शिक्षण

१

एखाद्या वैद्याचे औषध लागू पडले की मराठी माणूस ‘त्याला हातगुण आहे’ असे म्हणतो. ‘हातगुण’ हा शब्द ‘पायगुण’ या शब्दाच्या साच्यातला आहे. नव्या सुनेचा पायगुण तिने कोठे शिकून आणलेला नसतो. तो तिच्याबरोबर घरात येतो. त्याचप्रमाणे हातगुण वैद्याबरोबर जन्मास येतो, अशी समजूत या शब्दामागे आहे. याच भाषेत ‘हात बसणे’ हा दुसरा प्रयोग आहे. सुताराचा रंध्यावर हात बसतो, सोनाराचा फुंकणीवर बसतो. आणि तो बसावयास दिवस लागतात, काही माल वाया जातो, शेजारी कोणी जाणता असावा लागतो. पहिला शब्द रोग्याच्या तोंडचा आहे, दुसरा कारागिराच्या तोंडचा. पहिला शब्द शिक्षण झाकतो, दुसरा ते उघड करतो. कुटुंबवैद्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आजवर शाळा, पदव्या आणि कायदे यांचीच नोंद झाली. हात कसा बसला याची नोंद झाली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

शिक्षणशास्त्रात या विषयास अलीकडे स्वतंत्र नाव मिळाले आहे. वर्गाच्या शिस्तीतून, रांगेतून आणि प्रतीक्षेतून मूल जे शिकते त्यास फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये ‘प्रच्छन्न अभ्यासक्रम’ असे संबोधिले. वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९८ मध्ये तीन थर वेगळे केले : छापील अभ्यासक्रमाचा औपचारिक थर; सहवासात, चालताबोलता मिळणाऱ्या शिक्षणाचा अनौपचारिक थर; आणि संस्थेची रचनाच न बोलता जे शिकविते त्याचा प्रच्छन्न थर. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये अनुक्त ज्ञानाविषयी मांडलेला विचारही येथे उपयोगी पडतो. मनुष्यास जितके सांगता येते त्याहून अधिक कळत असते, हे त्याचे सार होय. हे तिन्ही विचार परदेशी असले तरी ज्या वस्तुस्थितीस ते लागू पडतात ती मावळच्या खोऱ्यात शंभराहून अधिक वर्षे नांदत आली आहे.

२

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. पुणे जिल्ह्याचा मावळ तालुका आकाराने लहान असला तरी त्यात वैद्यकाचे अनेक प्रवाह एकमेकांस भेटतात. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही त्याची जुनी अंगे. पश्चिमेस घाटमाथ्यावर लोणावळा व खंडाळा, मध्ये कामशेत व वडगाव, पूर्वेस तळेगाव दाभाडे. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो; पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने उतरतो. भातलावणीच्या दिवसांत माणसे गुडघाभर चिखलात उभी असतात. पायांच्या बेचक्यांतील चिखल्या, हिवताप, हगवण आणि सर्पदंश हे या हंगामाचे सोबती. ओढ्यांना पूर आला की गावे तुटतात. अशा ठिकाणी रोगी कोणता आहे यापेक्षा तो उद्या सकाळपर्यंत येथे ठेवावा की आताच पुण्यास धाडावा, हा प्रश्न वैद्यापुढे आधी उभा राहतो.

या प्रश्नास दुसरी बाजू रेल्वेने दिली. बोरघाटाचे काम १८५६ ते १८६३ या काळात चालले. ऐन भरात, १८६१ च्या आरंभी, त्यावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथींनी या तळांवर मोठी मनुष्यहानी झाली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये येथे येताच थोड्याच दिवसांत मरण पावले आणि पुढील काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी चालविले. लोहमार्ग पुरा झाल्यावर मुंबई आणि पुणे ही दोन्ही वैद्यकीय केंद्रे लोणावळ्यापासून काही तासांच्या अंतरावर आली. पुढे १९१० नंतरच्या दशकात टाटांच्या जलविद्युत योजनेची धरणे येथे उभी राहिली. घाटातील मजूर, खोऱ्यातील शेतकरी, हवापालटासाठी येणारा मुंबईकर आणि रेल्वेचा नोकर असे चार प्रकारचे रोगी या पट्ट्यात एकत्र नांदू लागले. त्यांच्यासाठी एकच पाठ्यपुस्तक पुरणे शक्य नव्हते.

३

शाळेबाहेरचे शिक्षण ही कल्पना आपल्या परंपरेस नवी नाही. चरकसंहितेत वैद्याचे जे चार गुण सांगितले आहेत त्यांत शास्त्रज्ञानाच्या लगोलग ‘दृष्टकर्मता’ येते. म्हणजे दुसऱ्याने केलेले कर्म अनेक वेळा डोळ्यांनी पाहिलेले असणे. सुश्रुतसंहितेत तर शस्त्रकर्माचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा, असा स्वतंत्र अध्याय आहे. वैद्यघराण्यांतून हा सराव घरातच होत असे. मुलगा आधी मुळ्या ओळखे, मग कुटे, मग खल करी, मग पुड्या बांधी. नाडीवर बोट ठेवण्याची पाळी फार उशिरा येई. योगांची बाडे हस्तलिखित असत. परंतु बाडात मात्रा लिहिलेली असली तरी ती कोणाला कमी करावयाची हे लिहिलेले नसे. ते वडिलांच्या शेजारी बसूनच कळे. या पद्धतीचा गुण आणि दोष एकच होता. विद्या जिवंत राहत असे; पण घराबाहेर जात नसे, आणि घराणे खुंटले की बाड मुके होत असे.

इंग्रजी अमलात शाळा आली ती हे सारे बाजूस ठेवून. मुंबईत १८२६ मध्ये देशी वैद्यकशाळा निघाली. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते आणि शिक्षण देशी भाषांतून होते. त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करण्यात आली. १८३२ मध्ये ही शाळा बंद पडली. त्यानंतर १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १८५१ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकी एक. येथील शिक्षणाची भाषा इंग्रजी होती. या निर्णयाने विद्यार्थ्यास युरोपातील ताजे ज्ञान मिळाले, यात शंका नाही. पण त्याच वेळी रोगी ज्या भाषेत कण्हतो ती भाषा अभ्यासक्रमाबाहेर गेली. सरकारच्याही ध्यानात ही अडचण आली असावी. कारण पुढे १८६१ मध्ये याच महाविद्यालयात मराठी व गुजराती वर्ग काढण्यात आले. तेथून दुय्यम श्रेणीचे हॉस्पिटल असिस्टंट तयार होत. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या अध्यापकांनी मराठीत वैद्यकग्रंथ लिहिले ते याच काळात. पुण्यास १८७८ मध्ये बैरामजी जिजीभाई वैद्यकशाळा स्थापन झाली. पुढे १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघाले आणि त्याच्या परवानापत्राने एल. सी. पी. एस. ही अक्षरे गावोगावच्या पाट्यांवर आली. तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारा जो डॉक्टर मराठी समाजाने पाहिला तो बहुधा याच परवानाधारक वर्गातील होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देशी भाषेतील शिक्षण आणि दुय्यम दर्जा ही जोडी याच काळात पक्की झाली. इंग्रजीत शिकलेला तो सर्जन, मराठीत शिकलेला तो असिस्टंट. हा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता, पण प्रत्येक विद्यार्थी तो शिकला. प्रच्छन्न अभ्यासक्रमाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

४

परवाना हाती आल्यावर खरे शिक्षण कोठे होई? त्यास मराठीत ‘उमेदवारी’ असा शब्द आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आशा धरून असणारा. कचेरीत जागा मिळेल या आशेने बिनपगारी काम करणारा तो उमेदवार. नवा डॉक्टर जुन्या डॉक्टरच्या दवाखान्यात बसे तो याच नात्याने. त्याला कोणी व्याख्यान देत नसे. त्याने पाहावे, ऐकावे आणि चुकल्यास घरी जाताना दोन शब्द ऐकून घ्यावेत, एवढीच शिकवणी.

त्या दवाखान्यातील दुसरा गुरू कंपाउंडर. औषधे तयार बाटल्यांतून येऊ लागण्यापूर्वीच्या काळात मिक्स्चर दवाखान्यातच सिद्ध होत असे. रोगी घरून बाटली आणी. कंपाउंडर तीत औषध भरून कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवी, आणि एक खाच म्हणजे एक मात्रा हे निरक्षर माणसासही कळे. शास्त्रातील मात्रा आणि घरातील मात्रा यांना जोडणारा हा पूल होता. कंपाउंडर बहुधा गावचा असे. कोणत्या घरी बाटली तीन दिवसांत संपते आणि कोणत्या घरी ती फळीवर तशीच राहते, कोण उपाशीपोटी औषध घेईल, कोण बाळंतिणीचे औषध सासूच्या हाती पडू देणार नाही, हे सारे त्याला ठाऊक. शहरातून आलेला परवानाधारक हे ज्ञान त्याच्याकडून घेई. मात्र घेतल्याची कबुली क्वचितच देई. १९४८ च्या औषधशास्त्र कायद्याने औषधे सिद्ध करण्याच्या कामास नोंदणी लागू केली, तेव्हा पहिल्या नोंदवहीत दीर्घ अनुभवाच्या आधारे प्रवेश देण्याची सोय ठेवावी लागली. कायद्याने अनुभवास एकदा दार उघडले आणि नंतर ते लावून घेतले.

तिसरी गुरू सुईण. खोऱ्यातील बाळंतपणे घरी होत आणि अडल्यावरच डॉक्टरला बोलावणे येई. त्यामुळे सरळ बाळंतपण डॉक्टरने फारसे पाहिलेलेच नसे. सुईणीने ते शेकड्यांनी पाहिलेले असे. मूल आडवे आहे हे ती पोटावरून हात फिरवून सांगे. तिच्या हाताची स्वच्छता हा तिचा दोष होता आणि तिच्या हाताची जाण हा तिचा गुण. जो डॉक्टर दोष पाहून तिला हाकलून देई तो जाणही गमावून बसे. स्वातंत्र्योत्तर काळात सुईणींना प्रशिक्षण देण्याच्या योजना आल्या; त्यांत शिकविणारा कोण आणि शिकणारी कोण हे आधीच ठरलेले होते. उलट दिशेने काही शिकावयाचे आहे, ही कल्पना योजनेत नव्हती.

५

दवाखान्याच्या आत काय शिकले गेले याची दप्तरे नाहीत. तथापि भाषा हेही एक दप्तरच आहे. रोगाची इंग्रजी नावे शिकून आलेल्या तरुणास मावळात प्रथम मराठी पुन्हा शिकावी लागे, आणि ती घरच्या मराठीहून वेगळी असे. ‘दुखते’ या एका क्रियापदाने रोग्याचे भागत नाही. पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो. गळवात ठणका असतो. पाठीत उसण भरते. छातीत चमक निघते किंवा जळजळते. हातापायांना मुंग्या येतात, गोळे येतात किंवा वांब येतात. ताप येण्यापूर्वी अंगात कणकण असते, मग अंग मोडून येते, मग हुडहुडी भरते. ‘मुदतीचा ताप’ या नावातच त्याचा आठवड्यांचा क्रम सांगितला आहे. हे शब्द कानाआड करणारा डॉक्टर तपासणीची अर्धी साधने फेकून देतो, कारण ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतील फरक हा बहुधा पोकळ अवयवाचे आकुंचन आणि पू धरलेली सूज यांतील फरक असतो.

याहून कठीण असतात ते न बोललेले शब्द. साप चावला असे खेड्यात सहसा म्हणत नाहीत. ‘पान लागले’ म्हणतात. सापाचे नावही टाळतात. ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणतात. हा संकेत ज्याला ठाऊक नाही तो डॉक्टर मोलाचा वेळ गमावतो. त्यातही मण्यारीचा दंश फसवा. भुईवर निजलेल्या माणसास तो रात्री होतो. जखम जेमतेम दिसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, शब्द बोबडे निघतात. रात्री खाल्लेले बाधले असावे, असेच घरच्यांस वाटते. ‘कोठे निजला होता?’ हा प्रश्न विचारावयास पाठ्यपुस्तक लागत नाही. पण तो योग्य वेळी सुचावयास खोऱ्यातील एखादा पावसाळा अंगावर काढलेला असावा लागतो.

स्त्रियांच्या दुखण्यात संकोचाचे आवरण अधिक जाड. ‘अंगावरून जाणे’, ‘बाहेर बसणे’, ‘दिवस जाणे’, ‘पाळी चुकणे’ या शब्दांची गुंतागुंत पुरुष डॉक्टरपर्यंत पोहोचतच नसे. हे दुखणे किती मोठे आहे ते डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने उघड झाले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. गडचिरोली मावळापासून दूर. पण मौन दोन्हीकडे सारखेच. दवाखान्यात ‘अशक्तपणा’ किंवा ‘कंबर दुखते’ एवढेच सांगणाऱ्या बाईचे खरे दुखणे ऐकावयास शिकणे हा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसलेला विषय होता.

६

राज्यसंस्थेने या अनुभवाकडे कसे पाहिले, याचा इतिहास चढउतारांचा आहे. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांची व परवानाधारकांची नोंदवही सुरू झाली. वैद्य व हकीम तिच्या बाहेर राहिले. या दुराव्यास उत्तर म्हणून आयुर्वेदाच्या पुरस्कर्त्यांनी परीक्षा व विद्यालये उभारली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्येच वैद्यसंमेलनाचा व विद्यापीठाचा पाया घातला होता. पुण्यात १९३३ मध्ये टिळक आयुर्वेद महाविद्यालय निघाले. १९३८ च्या मुंबई वैद्यव्यवसायी कायद्याने देशी पद्धतींच्या वैद्यांना नोंदणी दिली. त्यात शिक्षित वैद्यांची नोंदवही होती आणि तिच्याखेरीज केवळ व्यवसायाच्या अनुभवावर चालणाऱ्यांची वेगळी यादीही होती. दप्तराच्या भाषेत ‘हात बसला आहे’ या गोष्टीस मिळालेली ही दुर्मिळ मान्यता होय. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यव्यवसायी कायद्याने पुढील रचना ठरविली आणि नव्या पिढीसाठी पदवी हाच एक मार्ग राहिला.

पाश्चात्त्य वैद्यकात निर्णायक वळण १९४६ मध्ये आले. भोर समितीने देशात एकाच प्रकारचा, विद्यापीठीय पदवी घेतलेला ‘मूलभूत डॉक्टर’ असावा अशी शिफारस केली. परवानाधारकांचा अभ्यासक्रम बंद व्हावा असे ठरले. समितीतील काही सदस्यांनी वेगळे मत नोंदविले होते. खेड्यांना डॉक्टर हवे असतील तर परवानावर्ग लगेच मोडू नये, असा त्यांचा आशय. त्याच वर्षी पुण्याच्या वैद्यकशाळेचे महाविद्यालय झाले. दर्जाच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते, हे नाकारता येत नाही. मात्र परवानाधारकाबरोबर त्याची उमेदवारीही मोडीत निघाली, याचा हिशेब कोणी मांडला नाही. इंग्लंडमध्ये याच सुमारास उलट प्रवास सुरू झाला होता. तेथे १९५२ मध्ये सामान्य व्यवसायींचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले. १९५७ मध्ये मायकेल बॅलिंट यांनी कुटुंबडॉक्टरांच्या गटांबरोबर केलेल्या चर्चा ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या आणि डॉक्टर स्वतःच एक औषध असतो, हे प्रमेय मांडले. भारतीय वैद्यक संघटनेने १९६३ मध्ये सामान्य व्यवसायींसाठी महाविद्यालय काढले खरे. पण पदवीधराने वर्ष-दोन वर्षे जाणत्या कुटुंबवैद्याजवळ काढलीच पाहिजेत, असा नियम येथे झाला नाही.

७

अलिखित ज्ञान लिहून काढता येते काय, या प्रश्नाचे एक उत्तर लोणावळ्यातच मिळते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी व्यायामविद्या बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्यापाशी आणि योग नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्यापाशी संपादन केला. दोन्ही ठिकाणी शिक्षण गुरूच्या डोळ्यासमोर आणि हाताखाली झाले. परंतु गुरूने सांगितले म्हणून ते खरे, एवढ्यावर त्यांनी भागविले नाही. बडोद्यात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांचे शरीरावरील परिणाम तपासले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. गुरुमुखातून आलेली विद्या मोजमापाच्या कक्षेत आणण्याचा हा प्रयत्न होता. त्यातून एक मर्यादाही दिसली. पोटातील दाब मोजता आला आणि प्रसिद्ध करता आला. पण या रोग्यास आज हे आसन थांबवावे, हा निर्णय शिक्षकाच्या नजरेतच राहिला आणि तो शिकण्यासाठी त्याच्याजवळ राहणे चुकले नाही. लिहिल्याने विद्या परीक्षेस उतरते. लिहिल्याने सहवासाची गरज संपत नाही.

दुसरे उत्तर घाट उतरून कोकणात महाडजवळ मिळते. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ पासून तेथील ग्रामीण आरोग्यसेवेत होते. विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले दगावत, आणि पुस्तकात त्यावर कामाचे फारसे काही नव्हते. त्यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या : भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, मग श्वास लागणे आणि फुप्फुसांत पाणी. १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले. घाम फुटणे आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे घरातील कोणाच्याही डोळ्यांना दिसणारी होती. ती एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावणारा डॉक्टर मात्र तेथे राहावयास हवा होता. तालुक्यातील दवाखाना ही ज्ञान वाटण्याची जागा आहे तशीच ते निर्माण होण्याचीही आहे, हे या उदाहरणाने सिद्ध झाले.

८

अलिखित शिक्षण नेहमीच हितकर असते असे मानणे मात्र चूक ठरेल. दवाखाना जसे शहाणपण शिकवितो तशी खोडही लावतो. ‘सुई’ टोचल्याशिवाय रोग्याचे समाधान होत नाही, हे नवा डॉक्टर पहिल्याच महिन्यात शिकतो आणि त्याचे औषधशास्त्र त्या समाधानापुढे नमते. मोठ्या रुग्णालयाकडे रोगी धाडल्याबद्दल तेथून मोबदला येतो, या व्यवहारास ‘कट’ असे नाव आहे; त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी महाराष्ट्र शासनास २०१७ मध्ये समिती नेमावी लागली. हा धडा कोणत्याही महाविद्यालयात शिकविला जात नाही. तरीही तो पिढ्यान्‌पिढ्या पोहोचतो.

त्याहून जुना आणि क्रूर धडा स्पर्शाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नोंदविलेले एक प्रकरण १९२९ मधील काठेवाडचे आहे. अस्पृश्य शिक्षकाच्या आजारी बाळंतीण पत्नीस पाहावयास आलेल्या डॉक्टरने वस्तीत पाऊल टाकले नाही. तापमापी आधी एका मुसलमानाच्या, मग पतीच्या आणि मग रोगिणीच्या हाती गेली. ती बाई वाचली नाही. उलट १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी दवाखाना चालविला; मुंढव्याच्या महारवाड्यातील रोगी मुलास सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. काठेवाडचा तो डॉक्टर आणि यशवंतराव यांनी शिकलेले वैद्यक एकाच पाश्चात्त्य परंपरेचे होते. फरक पडला तो घरात व समाजात मिळालेल्या शिक्षणाने. तेव्हा प्रच्छन्न शिक्षणाची चौकशी करावयाची ती केवळ जुन्याच्या कौतुकासाठी नव्हे. त्यात विष कोठे आहे हे पाहण्यासाठीही.

९

आज मावळचे रूप पालटले आहे. २००२ पर्यंत पुऱ्या झालेल्या द्रुतगती महामार्गाने अंतरे आणखी आखडली. तळेगावच्या परिसरात कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर उत्तर भारतातील कामगार आले. तळेगावातच १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘फॅमिली डॉक्टर’ हा शब्द आता मराठी वृत्तपत्राच्या पुरवणीचे नाव म्हणून घरोघर पोहोचला आहे. त्या शब्दाने दाखविला जाणारा माणूस मात्र विरळ होत चालला आहे. याचेही कारण प्रच्छन्न अभ्यासक्रमात सापडते. विद्यार्थी पाच-सहा वर्षे ज्यांच्या हाताखाली शिकतो ते सारे विशेषज्ञ असतात. कुटुंबवैद्य त्याला भेटतो तो ‘बाहेरून चुकीचे औषध घेऊन आलेल्या’ रोग्याच्या कागदपत्रांतून. कोणी न सांगता तो शिकतो की सामान्य व्यवसाय ही मागे पडलेल्यांची जागा आहे.

२०१९ च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा भाग आला, आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेस स्थान मिळाले आणि त्यानंतर विद्यार्थ्याने गावातील कुटुंबे दत्तक घ्यावी अशीही योजना आली. १८४५ मध्ये बाहेर गेलेली रोग्याची भाषा पावणेदोन शतकांनी परत आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. धोका एवढाच की तीही गुणपत्रिकेतील एक रकाना होऊन बसेल. स्थानिक भाषा म्हणजे पन्नास वाक्यांची पाठावली नव्हे. ‘कणकण’ म्हणणाऱ्या आजीसमोर थांबणे आणि ती आणखी काय म्हणते याची वाट पाहणे, म्हणजे ती भाषा. हे थांबणे थांबणाऱ्या माणसाजवळच शिकता येते.

यावरून दोन कामे निघतात. पहिले काम भाषेच्या अभ्यासकांचे : मावळातील वृद्ध डॉक्टर, वैद्य, कंपाउंडर आणि सुईणी यांच्या तोंडचे दुखण्याचे शब्द, ते कोणत्या प्रसंगी वापरले जातात यासह, गाववार टिपून घेणे. असा कोश केवळ शब्दांचा राहणार नाही. तो निदानाचाही कोश होईल. दुसरे काम वैद्यक शिकविणाऱ्यांचे : उमेदवारीस तिची जागा परत देणे, ती जागा रुग्णालयाबाहेर असणे, आणि जाणत्या कुटुंबवैद्यास शिक्षकाचा दर्जा व वेतन मिळणे. तसे झाल्यास त्याच्या खोडीही उजेडात येतील आणि तपासल्या जातील, कारण जे उघडपणे शिकविले जाते त्यालाच प्रश्न विचारता येतात. ‘हातगुण’ हा शब्द मराठीतून जाणार नाही, जाण्याची गरजही नाही. परंतु तो उच्चारताना त्या हातामागे कंपाउंडरची पट्टी, सुईणीची बोटे आणि असंख्य रोग्यांचे शब्द आहेत, एवढे ध्यानी राहिले तर कुटुंबवैद्याच्या शिक्षणाची चर्चा योग्य जागेवरून सुरू होईल.